सागरी परिसंस्था प्रयोगशाळेतून बाहेर पडलेले लोक पुढे नेमकं काय करतात?

ओहोटीची_वेळ

गोव्यात सागरी विज्ञानात एम.एस्सी. झाली, आता पीएच.डी.चं तिसरं वर्ष. विषय कोकणातल्या खाड्यांतलं मॅक्रोबेंथॉस (तळाच्या गाळातले डोळ्यांना दिसणारे प्राणी), मुख्यतः पॉलिकीट (केसाळ समुद्री कृमी). वय २८. ग्रॅबनं (तळाचा गाळ उचलणाऱ्या जबड्यानं) नमुने घेणं, चाळणं, सॉर्टिंग, कुळापर्यंत ओळख (काही कुळांत प्रजातीपर्यंत) आणि प्रायमर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये विश्लेषण एवढं येतं. कोडिंग जेमतेम.

प्रयोगशाळेत विचारलं की 'पोस्टडॉक कर, मग बघू' हेच ऐकायला मिळतं. 'मग बघू' म्हणजे काय ते कुणी नीट सांगेल का? प्राध्यापकी आणि सरकारी शास्त्रज्ञ सोडून कोणती कामं खरोखर मिळतात, त्यांत रोज काय करावं लागतं आणि उरलेल्या दोन वर्षांत कशाची तयारी करायला हवी? 'आवड असेल ते करा' असा सल्ला कृपया नको.

दर्यावर्दी

सरकारी वाटेपासून सुरू करतो. तिथे गुणवत्तेच्या आधी दोन गोष्टी आडव्या येतात, वय आणि पदवीचं नाव.

सीएसआयआरच्या, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या, प्रयोगशाळांत (तुमच्या जवळची म्हणजे दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, एनआयओ, शिवाय तिची मुंबई, कोची आणि विशाखापट्टणम इथली प्रादेशिक केंद्रं) शास्त्रज्ञ पदाची कमाल वयोमर्यादा सहसा ३२ असते, वरिष्ठ शास्त्रज्ञाची ३७. आरक्षित प्रवर्गांना सवलत मिळते आणि वय अर्जाच्या शेवटच्या तारखेला मोजतात. तुम्ही ३० व्या वर्षी प्रबंध दिलात आणि व्हायव्हा व्हायला आणखी आठ-दहा महिने गेले, तर पहिल्या पदासाठी हातात जेमतेम सव्वा वर्ष उरतं. त्या सव्वा वर्षात तुमच्या विषयाची जाहिरात निघेलच असं नाही. म्हणून 'पोस्टडॉक कर, मग बघू' हा सल्ला या एका वाटेपुरता तरी घातक आहे. पोस्टडॉकला जा, पण अर्ज पहिल्या दिवसापासून करत राहा.

भूविज्ञान मंत्रालयाच्या संस्थांत, म्हणजे वास्कोची एनसीपीओआर, चेन्नईच्या एनआयओटी आणि एनसीसीआर, हैदराबादची इन्कॉइस, कोचीची सीएमएलआरई, कंत्राटी जागा बऱ्याच निघतात. प्रकल्प शास्त्रज्ञ १, २ आणि ३ साठी वयोमर्यादा साधारण ३५, ४० आणि ४५ असते. २०२१ मध्ये डीप ओशन मिशनला मंजुरी मिळाली, त्यातूनही अशा जागा आल्या. पगार वाईट नसतो, फक्त प्रकल्प संपला की खुर्चीही संपते. मुलाखतीला जाण्याआधी प्रकल्पाची किती वर्षं उरलीत ते विचारून घ्या. जाहिरातीत 'प्रकल्पाच्या कालावधीपर्यंत' एवढंच छापलेलं असतं, आणि तो कालावधी अर्धा सरलेलाही असू शकतो.

आता पदवीचं नाव. आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) वाटेला, म्हणजे कोचीच्या सीएमएफआरआय किंवा वर्सोव्याच्या सीआयएफई या मत्स्यसंस्थांकडे जायचं, तर कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळाच्या परीक्षेत कोणत्या विषयाला कोणती पदव्युत्तर पदवी चालते याची यादी असते. आपल्या गुणपत्रिकेवर छापलेलं नाव त्या यादीत शब्दशः आहे का, ते आजच बघा. मत्स्यविज्ञानाच्या बऱ्याच जागा बी.एफ.एस्सी. आणि एम.एफ.एस्सी. वाल्यांसाठीच असतात, म्हणजे रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून वगैरे आलेल्यांसाठी. तिथे तुमचे शोधनिबंध कितीही चांगले असोत, अर्ज छाननीतच गळतो.

प्राध्यापकीबद्दल थोडक्यात. सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट, सेट किंवा स्लेट हा किमान निकष असल्याचं यूजीसीनं जुलै २०२३ मध्ये जाहीर केलं. तेव्हा पीएच.डी. आहे म्हणून सेट टाळू नका. पुणे विद्यापीठाची सेट महाराष्ट्र आणि गोवा दोन्हीकडे चालते. महाविद्यालयातली जागा 'प्राणिशास्त्र' अशी निघते, आणि सागरी विज्ञानाची पदवी त्याला समकक्ष आहे का असा प्रश्न हमखास उठतो. विद्यापीठाकडून समकक्षतेचं पत्र आधीच काढून ठेवा, मुलाखतीच्या आठवड्यात ते मिळत नाही. आणि बिंदुनामावली (आरक्षणाचा पदक्रम) मंजूर होऊन जागा भरेपर्यंत तासिका तत्त्वावर किती वर्षं काढायची, हे मनाशी ठरवूनच त्या वाटेला जा.

चाळणी_५००

तुम्ही विचारलेल्या 'बाकीच्या' कामांत बेंथॉसवाल्यांना सर्वांत लवकर मिळणारं काम म्हणजे पर्यावरणीय आघात मूल्यांकन, ईआयए. बंदरं, जेट्टी, गाळउपसा, समुद्रात सोडायच्या सांडपाण्याच्या वाहिन्या, या सगळ्यांना २००६ ची ईआयए अधिसूचना नाहीतर २०१९ ची सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचना लागू होते, काहींना दोन्ही. अहवाल नॅबेट या मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेनंच करायचा असतो. त्या संस्थेत प्रत्येक विषयाला मान्यताप्राप्त तज्ज्ञ लागतो, आणि तुमचा विषय 'परिसंस्था व जैवविविधता', म्हणजे ईबी. सुरुवात सहयोगी म्हणून होते, पुढे कार्यक्षेत्र तज्ज्ञ. ही मान्यता तुम्हाला त्या संस्थेचा माणूस म्हणून मिळते. नोकरी बदलली की नव्या संस्थेला तुमचं नाव पुन्हा मंजूर करून घ्यावं लागतं. म्हणून कोणत्या प्रकल्पात काय केलं याची सही-शिक्क्याची पत्रं प्रत्येक वेळी मागून ठेवा.

काम हंगामी असतं. मूळ स्थितीची माहिती पावसाळा सोडून एका हंगामाची गोळा करायची असते, त्यामुळे ऑक्टोबर ते मे नुसती धावपळ. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंदी, बहुतेक होड्या शाकारलेल्या. ते महिने सूक्ष्मदर्शक आणि अहवालाचे.

रोजचं काम तुमच्या प्रबंधासारखंच, फक्त वेळ कमी. नेमकी इथेच प्रयोगशाळेत तयार झालेली माणसं अडखळतात. नेहमी होणाऱ्या चुका सांगतो.

लहान होडीवर ०.०४ चौ. मीटरचा व्हॅन व्हीन ग्रॅब नेतात, ०.१ चा हातानं ओढणं अवघड. उधाणाच्या दिवसांत खाडीत ओढ एवढी असते की ग्रॅब तिरका बसतो आणि अर्धा रिकामा वर येतो. लाटेवर होडी खाली बसली की दोर सैल पडतो आणि ग्रॅब तळाला टेकायच्या आधीच मिटतो. जबड्यात शिंपला अडकला तर वर येताना गाळ धुऊन जातो. असे नमुने टाकून द्यायचे, निदान ५ सेंमी तरी खोल गेलेला असला पाहिजे. पण तांडेल घाईत असतो, पाणी उतरत असतं, आणि 'चालेल' म्हणून नमुना डब्यात जातो. शक्य असेल तिथे भांगाचे (भरती-ओहोटीचा जोर कमी असलेले) दिवस निवडा आणि प्रत्येक ठिकाणी तीन नमुन्यांसाठी पाच प्रयत्नांचा वेळ धरा.

चाळणी ५०० मायक्रॉनची. फॉर्मेलिनमध्ये बोरॅक्स घालायला विसरलात तर आम्लामुळे लहान शिंपले आणि गोगलगायी विरघळायला लागतात, मग महिन्यानं 'मृदुकाय प्राणी नगण्य' असा निष्कर्ष अहवालात जातो. रोझ बेंगाल घातलं तर सॉर्टिंग लवकर होतं, पण गडद झालं की पॉलिकीटचे बारीक अवयव दिसेनासे होतात.

मग आकडेमोड. ०.०४ च्या ग्रॅबला प्रति चौ. मीटरसाठी २५ नं गुणतात. तीन नमुन्यांची बेरीज करून २५ नं गुणलं तर घनता तिप्पट होते. असे अहवाल निघतात आणि तज्ज्ञ समितीपुढे सापडतात. आणि एका नमुन्यात एकच प्राणी मिळाला तर तक्त्यात त्याचे २५ होतात, तेव्हा मूळ मोजणी परिशिष्टात दिलीच पाहिजे.

ॲम्बी निर्देशांक (प्राण्यांचे प्रदूषण-सहनशीलतेनुसार गट पाडून तळाची अवस्था मोजणारा) सगळ्यांना हवा असतो, कारण त्याचा रंगीत आलेख निघतो. पण तो युरोपातल्या प्रजातींवर बेतलेला आहे. आपल्याकडच्या कितीतरी प्रजाती त्याच्या यादीत सापडत नाहीत. गट न लागलेल्यांचं प्रमाण २० टक्क्यांवर गेलं तर निकाल जपून वापरायचा, ५० च्या पुढे वापरायचाच नाही. एखाद्या ठिकाणी दोन-तीनच प्रकार मिळाले असतील तरी तीच गत. हे प्रकल्पवाल्याला समजावून सांगता येणं हीच तिथली खरी नोकरी आहे.

दर्यावर्दींनी पीएच.डी. गृहीत धरली आहे. सल्लागार संस्थेत ती नसली तरी बिघडत नाही. एम.एस्सी. आणि पाच वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव असलेला माणूस तिथे नव्या डॉक्टरेटपेक्षा वरच्या पदावर असतो.

दर्यावर्दी

तिथवर मान्य. पण तिसऱ्या वर्षी सोडू नका. अर्धवट पीएच.डी. कुठल्याही छाननीत मोजली जात नाही, आणि पुढे परदेशी संस्थेबरोबर काम करायचं झालं की पदवी विचारतातच.

चाळणी_५००

सोडा म्हणत नाहीये. एम.एस्सी. करून थांबलेला कुणी हा धागा वाचत असेल, त्याच्यासाठी लिहिलं.

प्लवक

बंदरांच्या बाजूला एक काम आहे जे प्रयोगशाळांत कुणी सांगत नाही: जहाजांच्या बॅलास्ट पाण्याची (तोल सांभाळायला टाक्यांत भरलेल्या पाण्याची) तपासणी. हे प्लवंगांवर काम केलेल्यांचं जास्त, पण बेंथॉसवाल्यालाही जमण्यासारखं आहे. कारण मुळात जिवंत जीव मोजायचे आहेत.

आयएमओचा (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा) बॅलास्ट पाण्याचा करार २००४ चा, लागू झाला ८ सप्टेंबर २०१७ ला. त्यातल्या डी-२ मानकानुसार सोडल्या जाणाऱ्या पाण्यात ५० मायक्रॉन आणि त्याहून मोठे जिवंत जीव प्रति घनमीटर १० पेक्षा कमी असले पाहिजेत, १० ते ५० मायक्रॉनचे प्रति मिलिलिटर १० पेक्षा कमी. शिवाय जिवाणूंच्या मर्यादा, उदाहरणार्थ ई. कोलाय १०० मिलिलिटरमध्ये २५० वसाहतींपेक्षा कमी. १ जून २०२२ पासून जहाजावर नवी शुद्धीकरण यंत्रणा बसवली की ती चालू करताना नमुना तपासणं बंधनकारक झालं, आणि तपासणारा यंत्र बनवणाऱ्यापासून स्वतंत्र हवा. मागणी निर्माण झाली ती या अटीमुळे.

प्रत्यक्षात असं चालतं. मोठ्या जीवांसाठी किमान १ घनमीटर पाणी ३५ मायक्रॉनच्या जाळीतून गाळायचं (त्या जाळीच्या छिद्राचा कर्ण ५० च्या आसपास भरतो) आणि सुमारे लिटरभरात आणायचं. लहान जीवांसाठी पाणी सोडलं जात असताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत थोडं थोडं घेऊन एकत्र नमुना करायचा. नुसतं सुरुवातीचं पाणी घेतलं तर वाहिनीत साचलेलंच मोजलं जातं. सविस्तर मोजणी असेल तर जिवंत नमुना ६ तासांत बघायचा. जहाज रात्री दोनला धक्क्याला लागलं तर सूक्ष्मदर्शकही रात्री दोनलाच मांडायचा. लहान गटासाठी एफडीए आणि सीएमएफडीएची चमकणारी रंजकं वापरतात, मोठ्यांची हालचाल बघतात, हलत नसेल तर बारीक सुईनं डिवचून बघतात.

परिसंस्थावाले चुकतात ते मापात. इथे जीवाची लांबी धरत नाहीत, सर्वांत लहान परिमाण धरतात. लांबलचक डायॅटम (एकपेशी शैवाल) ५० मायक्रॉनच्या पुढे दिसतो, पण रुंदीनं १५ चा असतो, म्हणून तो लहान गटात जातो. लांबी धरून मोठ्या गटात घातलात तर चांगलं चालणारं यंत्र नापास होतं, आणि जहाजाचा एक दिवस बंदरात अडकला की खर्च किती होतो ते कप्तान तुम्हाला तिथेच सांगतो.

तयारी म्हणाल तर आयएसओ १७०२५ प्रमाणे चालणाऱ्या प्रयोगशाळेचा अनुभव मिळवा: नमुन्याची साखळी नोंदवणं, उपकरणांचं कॅलिब्रेशन, मोजमापातली अनिश्चितता. विद्यापीठातल्या प्रयोगशाळांत हे कुणी शिकवत नाही. एनएबीएल मान्यता असलेल्या एखाद्या पाणीतपासणी प्रयोगशाळेत दोन महिने काढलेत तरी पुरे. आणि बंदरात शिरायला लागणारी पोलीस पडताळणी आधीच करून ठेवा.

ओहोटीची_वेळ

एवढ्या तपशिलाची अपेक्षा नव्हती, आभार. दोन प्रश्न. कोडिंग जेमतेम आहे, तर डीएनए आणि विदाच्या बाजूला वळण्यात अर्थ आहे का? आणि परदेशाचं काय?

विदा_कोळी

पर्यावरणीय डीएनएच्या नादानं पॉलिकीटची ओळख सोडू नका. पाणी गाळून अनुक्रम काढणारे आता पुष्कळ आहेत. अडतं ते संदर्भसंग्रहापाशी. आपल्या खाड्यांतल्या पॉलिकीटचे अनुक्रम संग्रहात नसले की निकाल 'अनेलिडा, अनिश्चित' (म्हणजे नुसता 'कुठलातरी वलयी कृमी') इथेच थांबतो. ज्याला प्राणी बघून ओळखता येतो आणि त्याच प्राण्याचा तुकडा अनुक्रमासाठी देता येतो, तो दोन्हीकडे लागतो. मात्र फॉर्मेलिनमधला नमुना डीएनएसाठी जवळपास गेल्यात जमा. म्हणून आजपासून प्रत्येक ठिकाणचे काही प्राणी ९५ टक्के इथेनॉलमध्ये वेगळे ठेवा, पहिल्या दिवसानंतर इथेनॉल एकदा बदला (प्राण्यातल्या पाण्यानं ते पातळ होतं) आणि थंडीत ठेवा. लेबल कुपीच्या आत, पेन्सिलीनं लिहिलेलं. बाहेरून मार्करनं लिहिलेलं इथेनॉल सांडलं की पुसून जातं.

विदाच्या नोकऱ्या म्हणजे जैवविविधतेच्या नोंदी डार्विन कोअर या प्रमाणित स्वरूपात बसवणं. ओबिस हा जागतिक सागरी नोंदसंग्रह आणि त्याचं भारतीय केंद्र इंडओबिस (सीएमएलआरई, कोची) याच स्वरूपात माहिती घेतात. तुमचा प्रबंधाचा तक्ता घ्या आणि तीन भाग करा. पहिल्यात नमुना घेण्याच्या घटना (ठिकाण, तारीख, खोली, ग्रॅबचं क्षेत्रफळ), दुसऱ्यात प्राण्यांच्या नोंदी, तिसऱ्यात क्षारता आणि गाळाची मापं. प्रत्येक नावाला वर्म्स या सागरी प्रजातींच्या जागतिक नोंदवहीचा ओळखक्रमांक जोडा. हे करताना तीन गोष्टी हमखास सापडतात: जुनी, आता समानार्थी ठरलेली नावं, अक्षांश-रेखांशांची अदलाबदल, आणि 'प्रजाती १' हे नाव दोन वर्षांत दोन वेगळ्या प्राण्यांना दिलेलं. शेवटची चूक शोधायला नमुने जपलेले लागतात. मार्गदर्शकांच्या संमतीनं एक असा संच प्रसिद्ध केलात की मुलाखतीत दाखवायला ठोस काहीतरी असतं. आर ही संगणकभाषा शिका, व्हेगन हे पॅकेज घ्या, प्रायमरमध्ये केलेलं तेच विश्लेषण त्यात पुन्हा करा. उत्तर आधीच माहीत असल्यानं चूक लगेच कळते. सोबत क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर, कारण सीआरझेडच्या १:४००० च्या नकाशावर तुमची ठिकाणं कुणीतरी बसवायलाच लागतात.

दर्यावर्दी

परदेशाबद्दल. युरोपातली मेरी क्युरी पोस्टडॉक फेलोशिप घ्यायची तर अंतिम तारखेपर्यंत पीएच.डी. झालेली हवी, त्यानंतर संशोधनात ८ वर्षांपेक्षा जास्त गेलेली नसावीत, आणि आधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. अंतिम तारीख साधारण सप्टेंबरात असते. यजमान प्रयोगशाळेशी निदान पाच-सहा महिने आधी बोलणं सुरू व्हायला हवं, कारण प्रस्ताव दोघांनी मिळून लिहायचा असतो. जर्मनीत ब्रेमेनचं झेडएमटी हे संशोधन केंद्र उष्णकटिबंधातल्या किनाऱ्यांवरच काम करतं, खाड्यांचा अनुभव तिथे कामाचा. एम.एस्सी. करणाऱ्या कुणाला गेंट विद्यापीठाच्या समन्वयानं चालणारा इम्बरसी हा संयुक्त अभ्यासक्रम बघता येईल.

स्कूबाबद्दल सगळे विचारतात. तुमच्या गढूळ खाडीत त्याचा उपयोग शून्य. प्रवाळ किंवा खडकाळ किनाऱ्याचं काम करायचं असेल तरच पैसे घाला, आणि तेव्हाही मौजेचं प्रमाणपत्र म्हणजे वैज्ञानिक पाणबुडी नव्हे. अमेरिकेतल्या विद्यापीठांचं मानक १०० तासांचं प्रशिक्षण आणि खुल्या पाण्यातल्या १२ बुड्या मागतं. पहिली पायरी इथे तारकर्लीलाही होते.

खारफुटी_दादा

धागा वाचला, एक वाट राहिली. महाराष्ट्रात वनविभागाचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे आणि त्याच्या जोडीला कांदळवन प्रतिष्ठान. तिथे संशोधन सहायक, प्रकल्प समन्वयक अशा कंत्राटी जागा निघतात. शोधनिबंध तिथे दुय्यम. ग्रामपंचायतीत उभं राहून मराठीत बोलता येतं का, खेकडापालनाच्या गटाचा हिशेब समजतो का आणि वनविभागाची टिप्पणी लिहिता येते का, हे बघतात. कोकणात काम करायचं असेल तर मालवणी येत असणं हे खरंच बायोडेटात लिहा.

चाळणी_५००

ओहोटीची_वेळ, उरलेल्या दोन वर्षांत एक गोष्ट नक्की करा: तुमच्या प्रजातींचा संदर्भसंग्रह. प्रत्येक प्रजातीचे तीन-चार चांगले नमुने, डोकं शाबूत असलेले, वेगळ्या कुप्यांत. सोबत एक वही: ओळखीसाठी कोणती गुरुकिल्ली वापरली, तिच्यातल्या कोणत्या पर्यायांच्या जोडीवर अडलं, पॅरापोडिया (पायांसारखे अवयव) आणि सेटी (त्यांवरचे राठ केस) यांचे फोटो मापपट्टीसकट. शंका असलेल्या प्रजातींचे नमुने आकुर्डीला झेडएसआयच्या (भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या) पश्चिम प्रादेशिक केंद्रात दाखवता येतील का ते पत्रानं विचारा. आणि दहा टक्के नमुने दुसऱ्या कुणाकडून तरी पुन्हा सॉर्ट करून घ्या, किती प्राणी सुटले ते लिहून ठेवा. सल्लागार संस्थेच्या मुलाखतीत 'तुमची सॉर्टिंगची अचूकता किती' असं विचारलं की बहुतेक उमेदवार गप्प बसतात.

ओहोटीची_वेळ

संग्रहाच्या कुप्या काचेच्या घ्यायच्या की प्लास्टिकच्या?

चाळणी_५००

काचेच्या, आत घट्ट बसणारं पॉलिथिनचं झाकण असलेल्या. पत्र्याची झाकणं खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजतात. वर्षातून दोनदा पातळी बघून इथेनॉल भरा. आणि मार्गदर्शकांना आत्ताच विचारून ठेवा की संग्रह प्रयोगशाळेत राहणार की त्याचा दुसरा संच तुम्हाला नेता येईल.